पिस्तूल काडतुसातील दारूची मात्रा

पिस्तूल काडतुसातील दारूची मात्रा म्हणजे एका काडतुसात गोळीला गती देण्यासाठी भरलेल्या निर्धूर दारूचे वजन होय. हे वजन परंपरेने ग्रेन या एककात मोजतात. ७,००० ग्रेन म्हणजे एक पौंड, आणि एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६४८ ग्रॅम. पिस्तुलाच्या सर्वाधिक प्रचलित ९ मिमी काडतुसात अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी दारू असते. ती पेटल्यावर नळीच्या मागील कक्षात जो दाब निर्माण होतो तो मोटारगाडीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या सुमारे हजारपट असतो. त्यामुळे मात्रेतील काही मिलिग्रॅमचा फरकही महत्त्वाचा ठरतो. पोकळ टोकाच्या गोळीसाठी मात्रा ठरवणे साध्या गोळीपेक्षा अधिक नाजूक असते, कारण तेथे दाबाच्या वरच्या मर्यादेबरोबर वेगाची खालची मर्यादाही पाळावी लागते.

अमेरिकेसारख्या काही देशांत वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून हाताने काडतुसे तयार करणे हा कायदेशीर छंद आहे. भारतात परवान्याशिवाय काडतूस तयार करणे गुन्हा आहे. येथे मात्रेचा निर्णय मुख्यतः आयुध कारखान्यांच्या प्रयोगशाळांत होतो. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील कारखाना हा लहान शस्त्रांची काडतुसे तयार करणारा त्यांपैकी एक प्रमुख कारखाना आहे.

काडतुसाची रचना

काडतुसाचे चार भाग असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आत भरलेली दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. शस्त्राचा घोडा पडला की आघातपिन प्रायमरवर आदळते, प्रायमरमधील संवेदनशील मिश्रण पेटते आणि त्याच्या ज्वाळेने दारूचे कण जळू लागतात. निर्धूर दारूचा काडतुसात स्फोट होत नाही. ती अत्यंत वेगाने जळते व तिचा वायू होतो. हा वायू प्रसरण पावताना गोळीला नळीतून पुढे ढकलतो. ही सर्व क्रिया सुमारे एका सहस्रांश सेकंदात पूर्ण होते.

निर्धूर दारूचा एक गुणधर्म समजला की मात्रेसंबंधीचे बहुतेक नियम आपोआप समजतात. दाब वाढला की ही दारू अधिक वेगाने जळते, आणि ती वेगाने जळू लागली की दाब आणखी वाढतो. गोळी पुढे सरकत असल्यामुळे मागची जागा वाढत जाते आणि दाबाला वाट मिळते. ही वाट पुरेशा लवकर मोकळी झाली नाही, अथवा सुरुवातीची जागाच अपुरी असली, तर दाब प्रमाणाबाहेर चढतो. म्हणून मात्रा दहा टक्क्यांनी वाढवली तर दाबही दहाच टक्के वाढेल, असे धरता येत नाही. मर्यादेजवळ तो त्यापेक्षा पुष्कळ अधिक वाढतो.

ठासणीच्या बंदुकीपासून निर्धूर दारूपर्यंत

सोरा, गंधक व कोळसा यांपासून बनणारी काळी दारू शतकानुशतके मापाने भरली जात असे. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून दारू ओतून, वर कपड्याचा अथवा कागदाचा बोळा व गोळी घालून गजाने ठासत. दारूचे माप शिंगाच्या टोपणाने किंवा लहान पेल्याने घेत आणि त्यात थोडे कमीजास्त झाले तरी सहसा निभावून जाई. काळ्या दारूच्या जळण्याचा वेग दाबावर फारसा अवलंबून नसतो, हे याचे कारण होते. सैन्यात मात्र प्रत्येक शिपायाने दारू मोजणे सोयीचे नव्हते. त्यासाठी ठरावीक दारू व गोळी एकत्र गुंडाळलेले कागदी काडतूस प्रचारात आले. खानदेशात १८२५ मध्ये जेम्स औट्रम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारली, तो काळ याच पद्धतीचा होता. आधीच मोजून ठेवलेली मात्रा ही काडतुसामागची मूळ कल्पना आहे. धातूची पुंगळी नंतर आली.

१८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजपासून निर्धूर दारू तयार केली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेल याने नायट्रोसेल्युलोज व नायट्रोग्लिसरीन यांच्या मिश्रणाची बॅलिस्टाइट ही दारू आणली आणि १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्डाइट तयार झाली. नव्या दारूत समान वजनात काळ्या दारूच्या कितीतरी पट शक्ती होती. काळ्या दारूसाठी बांधलेल्या बंदुकीत त्याच मापाने निर्धूर दारू भरल्यास नळी फुटणे जवळजवळ अटळ असते. हा धोका इतिहासजमा झालेला नाही. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद भारतीय शस्त्र कायद्यात आजही आहे. अशा बंदुकीत काडतूस फोडून काढलेली दारू वापरणे प्राणघातक ठरू शकते.

जुन्या काळाचा आणखी एक वारसा काही काडतुसांच्या आकारात टिकून आहे. भारतात परवानाधारकांच्या रिव्हॉल्वरमध्ये वापरले जाणारे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस १८९६ मध्ये काळ्या दारूसाठी योजले गेले. त्याची पुंगळी त्या मानाने मोठी आहे. आज तिच्यात निर्धूर दारूची अगदी अल्प मात्रा भरली जाते आणि उरलेली जागा रिकामी राहते. रिकाम्या जागेत दारू पुढे सरकली आहे की प्रायमरजवळ आहे, यावरही तिचे पेटणे व परिणामी वेग काही अंशी बदलतो. पुंगळीत चुकून दुप्पट मात्रा पडली तरी ती न सांडता मावते, हा त्याहून मोठा धोका होय. हाताने काडतुसे भरणाऱ्यांच्या अपघातांत दुप्पट मात्रा हे नेहमी आढळणारे कारण आहे. अनुभवी लोक म्हणूनच शक्यतो अशी दारू निवडतात, जिची योग्य मात्रा पुंगळीचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापते. दुसऱ्यांदा ओतली तर ती बाहेर सांडते आणि चूक डोळ्यांना दिसते.

पोकळ टोकाची गोळी

पोकळ टोकाच्या गोळीच्या अग्रभागी खळगा असतो. ऊतीत शिरताना खळग्यात द्रवाचा दाब निर्माण होतो, कडा बाहेर वळतात आणि गोळी छत्रीसारखी उमलते. उमललेली गोळी लवकर थांबते, त्यामुळे लक्ष्याला भेदून पलीकडच्या व्यक्तीला इजा होण्याचा संभव घटतो. अनेक देशांतील पोलीस दले याच कारणासाठी ती वापरतात. युद्धात मात्र तिला मनाई आहे. या मनाईच्या इतिहासात भारताचे नाव आहे : कोलकात्याजवळच्या डमडम येथील शस्त्रागारात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने १८९० च्या दशकात .३०३ रायफलसाठी उघड्या शिशाच्या टोकाची गोळी विकसित केली आणि अशा सर्व गोळ्यांना पुढे डमडम गोळी हेच नाव पडले. १८९९ च्या हेग परिषदेतील जाहीरनाम्याने शरीरात पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्यांचा युद्धात वापर निषिद्ध ठरवला.

मात्रेच्या दृष्टीने या गोळीच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली भूमितीची आहे. टोकाला खळगा असल्यामुळे तेथील धातू कमी होतो. समान वजन राखण्यासाठी तो मागील भागात द्यावा लागतो व गोळीचा सरळ भाग लांबतो. शिवाय टोक बोथट असल्याने ती मॅगझिनमधून कक्षात सुरळीत जावी म्हणून काडतुसाची एकूण लांबी बहुधा कमी ठेवतात. दोन्हींचा परिणाम एकच होतो : गोळीचे बूड पुंगळीत अधिक खोल जाते आणि दारूसाठी उरलेली जागा आक्रसते. ९ मिमी काडतुसाची पुंगळी मुळातच लहान असल्यामुळे हा फरक क्षुल्लक राहत नाही. अमेरिकेतील स्पीअर या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने एका चाचणीत ९ मिमी काडतुसातील गोळी मुद्दाम ०.०३० इंच, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर, अधिक खोल बसवली. मात्रा तीच असताना दाब २८,००० वरून ६२,००० एककांपर्यंत चढला. यामुळे साध्या गोळीसाठी सुरक्षित ठरलेली मात्रा त्याच वजनाच्या पोकळ टोकाच्या गोळीला तशीच लावता येत नाही. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या समान वजनाच्या पोकळ गोळ्यांनाही एकच मात्रा चालेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. प्रत्येक पोकळ गोळी एका ठरावीक वेगपट्ट्यात उमलण्यासाठी घडवलेली असते. वेग त्याखाली गेला तर खळगा न उमलता ती साध्या गोळीसारखी आरपार जाते. वेग फार वाढला तर ती अकाली उमलून उथळ थांबते किंवा तिचे तुकडे होतात. अमेरिकेच्या एफबीआयने १९८६ मधील मायामी येथील चकमकीनंतर तयार केलेल्या कसोटीत गोळीने जिलेटिनच्या ठोकळ्यात १२ ते १८ इंच, म्हणजे सुमारे ३० ते ४६ सेंटिमीटर, शिरावे अशी अपेक्षा आहे. अधिक दारू म्हणजे अधिक प्रभावी काडतूस, हा सामान्य समज या गोळीच्या बाबतीत सरळ चुकीचा ठरतो.

याखेरीज स्वयंभरणी पिस्तुलात मागे सरकणारी स्लाइड पुढचे काडतूस भरू शकेल इतका जोर असावा लागतो. मात्रा कमी पडल्यास स्लाइड अर्ध्यावर अडकते. दारू अगदीच कमी असेल, किंवा मुळीच नसेल, तर केवळ प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरून तेथेच रुतते. नेमबाजाच्या हे लक्षात आले नाही आणि त्याने पुढचा बार काढला, तर नळी फुगते अथवा फुटते. कमी मात्रा म्हणजे सुरक्षित मात्रा, असेही त्यामुळे म्हणता येत नाही.

दारूची निवड

निर्धूर दारू एकच नसते. कणांचा आकार चपटा, गोल किंवा नळीसारखा असतो. कणांवर जळण्याचा वेग आवरणारा लेप दिलेला असतो. काही दारूंत नायट्रोग्लिसरीन असते, काहींत नसते. या सर्वांवरून तिच्या जळण्याचा वेग ठरतो. पिस्तुलाची नळी आखूड असल्यामुळे दारू गोळी बाहेर पडण्यापूर्वी जळून संपली पाहिजे, म्हणून रायफलपेक्षा शीघ्र जळणारी दारू लागते. हलक्या गोळीला शीघ्र दारू चालते. जड गोळी हळू हलते आणि दाबाला उशिरा वाट देते, म्हणून तिला किंचित मंद दारू अनुकूल असते. ९ मिमी काडतुसासाठी ११५, १२४ व १४७ ग्रेन ही गोळ्यांची नेहमीची वजने आहेत. शीघ्र दारू कमी लागते व स्वस्त पडते, पण तिच्या मात्रेतील लहान चुकीलाही मोठी शिक्षा मिळते. रायफलची दारू व पिस्तुलाची दारू दिसायला सारखी असू शकते. डब्यावरचे नाव पुसले गेले असेल तर ती ओळखण्याचा घरगुती उपाय नाही; तिचा वापर न करणे एवढेच शक्य असते.

जेथे हे काम कायदेशीर आहे, तेथे दारू व गोळ्यांचे उत्पादक चाचणी करून कोष्टके प्रसिद्ध करतात. कोष्टकात विशिष्ट गोळी, पुंगळी, प्रायमर, दारू व काडतुसाची एकूण लांबी यांच्या संयोगासाठी आरंभीची आणि कमाल मात्रा दिलेली असते. आरंभीच्या मात्रेपासून सुरुवात करून वेगमापकाच्या साहाय्याने लहान टप्प्यांनी पुढे जावे व कमाल ओलांडू नये, हा या कोष्टकांचा सर्वमान्य नियम आहे. यांतील एकही घटक बदलला तर गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागते. पुंगळीच्या बुडाशी चपटा झालेला प्रायमर पाहून दाबाचा अंदाज करण्याची सवय अनेकांना असते. पिस्तुलाच्या काडतुसात मात्र ही खूण बहुधा मर्यादा ओलांडल्यानंतरच दिसते, त्यामुळे तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

दाबाच्या मर्यादा दोन संस्था ठरवतात. अमेरिकेतील सामी ही १९२६ मध्ये स्थापन झालेली संस्था ९ मिमी लुगर काडतुसाची मर्यादा ३५,००० पौंड प्रति चौरस इंच मानते, तर .३२ स्मिथ अँड वेसन लाँगची मर्यादा १५,००० आहे. ब्रसेल्स येथील सीआयपी ही १९१४ पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था ९ मिमीसाठी २,३५० बार ही मर्यादा धरते. तिच्या नियमांप्रमाणे नवे पिस्तूल विक्रीस जाण्यापूर्वी त्यातून मर्यादेपेक्षा ३० टक्के अधिक दाबाची कसोटी काडतुसे झाडली जातात.

वरणगाव व इतर आयुध कारखाने

भुसावळ तालुक्यातील वरणगावचा आयुध कारखाना १९६४ चा आहे. १९६२ च्या चीन युद्धानंतर संरक्षण उत्पादन वाढवण्याच्या काळात तो उभा राहिला. तेथे मुख्यतः रायफल व मशीनगनची ७.६२ मिमी आणि ५.५६ मिमी काडतुसे होतात. तेथील पुंगळीच्या बुडावर ओएफव्ही ही रोमन आद्याक्षरे असतात; पुण्याजवळील खडकीच्या, १८६९ मध्ये सुरू झालेल्या, दारूगोळा कारखान्याच्या पुंगळीवर केएफ अशी खूण असते. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे विसर्जन होऊन सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या, तेव्हा हे दोन्ही कारखाने पुणे येथे मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. १९४९ मध्ये सुरू झालेला भुसावळचा आयुध कारखाना यंत्र इंडिया लिमिटेडमध्ये समाविष्ट झाला.

कारखान्यातील मात्रा ही छापील कोष्टकातून घेतलेली संख्या नसते. दारूची प्रत्येक खेप थोडी वेगळी जळते. म्हणून नवी खेप आली की तिच्यातून नमुना काडतुसे भरून ती खास चाचणीनळीतून झाडतात. नळीच्या कक्षाला जोडलेला संवेदक दाबाची नोंद घेतो. पूर्वी हेच काम तांब्याच्या लहान दंडगोलाच्या चेपण्यावरून होत असे. वेग अपेक्षित पट्ट्यात व दाब मर्यादेखाली येईल अशी मात्रा त्या खेपेसाठी निश्चित होते आणि भरणयंत्र त्याप्रमाणे लावले जाते. पुढची खेप आली की हाच क्रम पुन्हा होतो. एकाच नावाच्या दारूची मात्रा दोन खेपांत वेगळी असणे हे कारखान्यात नित्याचे आहे. बाहेरच्या माणसाला कारखान्याच्या काडतुसातील दारू काढून वजन केले तरी त्या संख्येचा उपयोग होत नाही, तो याच कारणाने.

खानदेशाच्या हवामानाचा या विषयाशी थेट संबंध आहे. मे महिन्यात जळगाव, भुसावळ परिसरात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते, आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ते याहून पुष्कळ अधिक असते. हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी रात्री चांगलाच गारठा पडतो. तापलेली दारू अधिक वेगाने जळते. थंड हवेत मर्यादेला टेकलेली मात्रा उन्हाळ्यात मर्यादेबाहेर जाऊ शकते, तर हिवाळ्यात जेमतेम चालणारी मात्रा कडाक्याच्या थंडीत अपुरी पडते. नाटोच्या प्रमाणित कसोटीत काडतुसे २१, ५२ व उणे ५४ अंश सेल्सियस अशा तिन्ही तापमानांना तपासतात. दीर्घकाळ उष्णतेत ठेवलेली दारू रासायनिकदृष्ट्याही खराब होते. तिच्यातील स्थिरीकारक संपत जातो. म्हणून काडतुसे थंड व कोरड्या जागी साठवतात.

स्वतः दारू तयार करण्याचे काम यापेक्षाही धोक्याचे आहे. तमिळनाडूतील अरुवनकाडू, मध्य प्रदेशातील इटारसी आणि विदर्भातील भंडारा येथील कारखाने प्रणोदक दारू बनवतात. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा कारखान्यातील स्फोटात अनेक कामगारांचा मृत्यू झाला.

गावठी पिस्तुले

जळगाव जिल्ह्यातील चोपडा व धुळे जिल्ह्यातील शिरपूर हे तालुके सातपुड्याच्या सीमेवर आहेत. सीमेपलीकडे मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यात असलेल्या उमर्टी परिसरातून गावठी पिस्तुले महाराष्ट्रात आणली जात असल्याची प्रकरणे दोन्ही जिल्ह्यांच्या पोलिसांकडे वारंवार येतात. गुन्हेगारीचा भाग बाजूला ठेवला तरी, दाबाच्या दृष्टीने ही शस्त्रे त्यांच्या धन्यालाही सुरक्षित नसतात. नळीच्या पोलादाची प्रत, कक्षाचे माप आणि खिळीची पकड यांची कोणतीही दाबचाचणी झालेली नसते. कारखान्यातील काडतुसाची मात्रा ही कसोटीला उतरलेल्या नळीसाठी ठरलेली असते; अचाचणीत नळीत तेच काडतूस हातात फुटू शकते. कक्ष सैल असल्यास पुंगळी फाटून तप्त वायू मागे, चेहऱ्याच्या दिशेने येतो.

भारतातील कायदा

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्र अथवा दारूगोळा तयार करता येत नाही. अधिनियमातील दारूगोळ्याच्या व्याख्येत तयार काडतुसांबरोबर त्यांचे सुटे भाग व ती बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, त्यामुळे पुंगळ्या भरण्याचे हातयंत्रही कायद्याच्या कक्षेत आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा निर्मितीसाठी किमान सात वर्षांची व कमाल जन्मठेपेची शिक्षा ठरवली. ९ मिमी पिस्तूल हे निषिद्ध बोअरचे शस्त्र असल्याने सामान्य नागरिकाला त्याचा परवाना मिळत नाही. परवानाधारकांकडे बहुधा .३२ बोअरची शस्त्रे असतात. कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ मध्ये आणलेले निर्भीक रिव्हॉल्वर त्यांपैकीच एक आहे. त्यांची काडतुसे परवानाधारक विक्रेत्याकडून घेतली जातात आणि प्रत्येक खरेदीची नोंद परवान्यावर होते.